ती गावाला गेलीय

नगरपालिका सरणाची लाकडं फुकट देते, हे मला माझी बायको मेली त्या दिवशी कळलं. शेजारी म्हणाला, काका, लाकडांची काळजी करू नका, पालिकेकडून मिळतात, गाडीपण पालिकेचीच येईल. मी म्हटलं, बघा तुम्हीच. मला काही सुधरत नव्हतं. नदीकडच्या स्मशानात एका माणसानं माझ्यापुढं वही धरली. तिचं नाव विचारलं, वय विचारलं, तुम्ही कोण विचारलं. मी म्हटलं, नवरा. त्यानं बोट ठेवलं तिथं मी सही केली. त्यानं एक चिठ्ठी दिली, ही पालिकेत द्या म्हणाला, मग दाखला मिळेल. चिठ्ठी शेजाऱ्यानं नेऊन दिली. दाखला आणायला मी काही गेलो नाही. ती मेली हे मला कागदावर कशाला पाहिजे होतं?

त्या वहीचं आधी सांगून ठेवतो, कारण पुढं दहा महिने मी जे भोगलं ते सगळं त्या वहीपाशी येऊन थांबतं. आणि मी ती वही साफ विसरून गेलो होतो.

आमच्या घरात असल्या गोष्टी शोधून काढायचं काम तिचं होतं. ती चौथी शिकलेली, मी तिसरी. ती एका इयत्तेनं पुढं होती आणि ते तिनं मला जन्मभर ऐकवलं. बाजारात निघाली की पालिकेच्या फळ्यापुढं थांबायची आणि वरपासून खालपर्यंत सगळं वाचायची, भाजी राहिली तरी चालेल. बीपीच्या गोळ्या पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात, हे तिनंच शोधलं. म्हाताऱ्यांची रक्ताची तपासणी कुठल्या दिवशी, घरपट्टी वेळेत भरली तर सूट किती, बायकांना शिवणाचा वर्ग कुठं, सगळं तिच्याकडं. पत्रकं, पेपरातली कात्रणं एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी दाराच्या मागं खिळ्याला लावलेली असायची. मी तिला टोचायचो. म्हणायचो, ही भिकारलक्षणं सोड आता, पोरीचं लग्न झालं, आपल्याला काय कमी आहे. ती मान वर न करता म्हणायची, "अहो, पट्टी भरतो ना आपण? मग हे आपलंच आहे."

आता माझ्या डोळ्याचं सांगतो. मी अंबरनाथ एमआयडीसीत नोकरी केली. ती कंपनी आता तिथं नाही. एकदा नळीचा जोड सुटला आणि ॲसिड उडालं, त्यात डावा डोळा गेला. हाताच्या बोटांची कातडीही तेव्हापासून गुळगुळीत झाली. उजवा डोळा राहिला, त्याच्यावर मी निवृत्त झालो, पोरीचं लग्न केलं, आणि बदलापूर गावात ही एक खोली नि स्वयंपाकघर घेतलं. मग त्या उजव्यातही मोतीबिंदू आला. पहिल्यांदा दिव्याभोवती कडं दिसायला लागलं. नंतर माणसांची तोंडं पुसल्यासारखी दिसायला लागली.

पालिकेचं डोळ्यांचं शिबिर असतं, साठीच्या वरच्यांचं ऑपरेशन फुकट, चष्माही फुकट, हे ती गेली त्याच्या आदल्या वर्षीच तिनं फळ्यावर वाचलं होतं. मी नाही म्हटलं. ती मागं लागली. मी ओरडलो तिच्यावर. म्हटलं, एकच डोळा आहे, तो फुकटातल्या डॉक्टरच्या हातात देऊ? बिघडला तर तू जन्मभर हात धरून फिरवणार का? ती म्हणाली, "मी बाहेर बसते. तुम्ही आत जा." तेवढंच. मी गेलो नाही. खरं सांगायचं तर भ्यालो होतो आणि ते रागात झाकलं होतं. पुढच्या वर्षी तिच्या डोक्यात रक्त साचलं. सकाळी भाकरी थापताना खाली बसली आणि संध्याकाळी संपली.

रेशन तीच आणायची. दुकान रुळापलीकडं पूर्वेला, आमच्या ओळखीतलं कुणी तिकडं नाही. ती गेल्यावर पहिल्या महिन्यात मी गेलो. रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आल्यावर दुकानदारानं कार्ड बघितलं आणि हसून विचारलं, काकू नाही आल्या? मागं वीसेक बायका, पिशव्या घेऊन. मला ते वाक्य बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बाहेर पडलं ते दुसरंच.

"ती गावाला गेलीय," मी म्हटलं.

बरं बरं, म्हणाला तो. मशीन पुढं केलं, अंगठा लावा म्हणाला. माझी बोटं गुळगुळीत, मशीन पहिल्यांदा घेईना, दुसऱ्यांदाही घेईना. तिसऱ्यांदा घेतला. कार्डावर नावं दोन, मशीननं दोघांचं धान्य दिलं. त्यानं मापलं, मी पिशव्या उचलल्या. घरी येईपर्यंत मला कळलंही नव्हतं की मी काय केलं. घरी दोन्ही हातांतल्या दोन पिशव्या खाली ठेवल्या तेव्हा कळलं.

तिच्या वाटचं मी खाल्लं नाही. पत्र्याचा मोठा डबा होता, त्यात तांदूळ खाली, वर कागद, त्यावर गहू, असं घालून झाकण लावलं. का, ते मला विचारू नका. परत न्यायला गेलो असतो तर बोलावं लागलं असतं. टाकून देणं जमत नव्हतं. दुसऱ्या महिन्यात परत तेच. काकू आल्या नाहीत अजून? नाही, पोरीचं बाळंतपण आहे, मी म्हटलं. पोरीला दोन मुलं आहेत, मोठा दहावीला आहे. खोट्याला खोटं लागत गेलं आणि डबा भरत गेला.

मग अंगठ्यांचं आलं. कार्डावर ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांनी स्वतः येऊन मशीनवर अंगठा द्यायचा, असं सरकारनं काढलं. दुकानदार म्हणाला, काका, काकूंना बोलवून घ्या, या महिन्यात झालंच पाहिजे. मी वजनकाट्याची कड धरून उभा राहिलो. पुढच्या महिन्यात गेलो तर म्हणाला, मुदत वाढली, तुमचं नशीब. त्याच्या पुढच्या महिन्यातही वाढली. दर वेळी मी घरातून निघताना देवापुढं हात जोडायचो आणि दर वेळी मला वाटायचं, आज तो मशीनमध्ये बघेल आणि मशीन त्याला सांगेल. मला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. त्यात काय लिहून येतंय ते दिसत नसल्यानं मला जे वाटेल ते मी त्यात वाचत होतो.

अंबरनाथला आमच्या जुन्या चाळीत एक माणूस होता. मेलेल्या बापाचं पेन्शन उचलत होता. एके दिवशी पोलीस आले आणि त्याला लुंगीवरच घेऊन गेले. बायका दारादारांत उभ्या होत्या, आमचीही होती. ती म्हणाली होती, काय ही वेळ माणसावर. मी म्हटलं होतं, चोर आहे, जाऊ दे. तो माणूस मला रोज आठवायला लागला. त्याची लुंगी कसल्या रंगाची होती तेही आठवायला लागलं.

आणि डोळा रोज थोडा थोडा जात होता. चहा कपाच्या बाहेर ओतला. शेजाऱ्याला हाक मारली तर तो दोरीवर वाळत घातलेला सदरा निघाला. हसायला यायला पाहिजे होतं, पण मी दार लावून घेतलं आणि पलंगावर बसलो. मी उद्या पूर्ण आंधळा झालो तर कोणाला कळणार, कधी कळणार, याचा हिशेब डोक्यात चालला होता. पोरगी साताऱ्याकडं दिली आहे, तिची सासू अंथरुणाला खिळलेली. तिला फोनवर मी बरा आहे म्हणून सांगायचो.

एके सकाळी घंटागाडी कचरा घ्यायला आली. तिच्या भोंग्यावर गाणं संपलं आणि बाई बोलायला लागली. ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत नेत्र तपासणी, येताना आधार कार्ड आणि रेशन कार्डाची झेरॉक्स आणावी. मी कचऱ्याची बादली हातात घेऊन उभा राहिलो. गाडी पुढच्या गल्लीत गेली तरी ते मला ऐकू येत होतं. रेशन कार्डाची झेरॉक्स. म्हणजे कार्ड पालिकेत द्यायचं. त्यावर तिचं नाव.

दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी, शिबिराचा शेवटचा दिवस, शेजाऱ्याच्या सुनेनं सांगितलं, आजोबा, तुम्ही गॅस बंद केला नव्हता, वास येत होता. तेव्हा गेलो.

पालिकेत खालीच मोठ्या जागेत टेबलं मांडली होती. रांग होती, पंखे होते, म्हातारी माणसं खुर्च्यांवर. एका डॉक्टरणीनं माझ्या डोळ्यात उजेड मारला. म्हणाली, पूर्ण पिकलाय, एवढा वेळ का थांबलात, आता लवकर करायला पाहिजे, नाहीतर आतून दाब वाढेल आणि मग काही करता येणार नाही. फुकट होईल, चष्मा देऊ, पालिकेची गाडी नेईल आणि आणून सोडेल. हे सगळं मला नीट ऐकू आलं, पण "काही करता येणार नाही" तेवढंच डोक्यात राहिलं.

पुढच्या टेबलावर एक बाई फॉर्म भरत होती. तोंडाला मास्क. माझ्यासाठी ती पांढरट निळा ढग होती. तिनं कार्डाची झेरॉक्स घेतली, आधार घेतलं. एकच डोळा असेल तर घरचं माणूस बरोबर लागतं म्हणाली, सहीला. मग थोडं थांबून विचारलं, घरी कोण असतं?

मी म्हटलं, बायको. म्हटलं, ती गावाला गेलीय.

पेन चालल्याचा आवाज आला. म्हणाली, तिकडं बसा, शिक्का मारून देते.

मी बाकड्यावर बसलो. माझ्या डाव्या हाताला भिंतीत एक खिडकी होती आणि तिच्यापुढं तीन-चार माणसं उभी होती. वर पाटी होती, मला दिसत नव्हती. पण सगळ्यात जवळच्या माणसाचं डोकं तुळतुळीत होतं. नुकतंच भादरलेलं. त्याच्या हातात छोटी चिठ्ठी होती आणि ती तो खिडकीत सरकवत होता. मी त्या चिठ्ठीकडं बघितलं आणि मला नदी आठवली, वही आठवली, वहीवर ठेवलेलं बोट आठवलं. मी स्वतः सही केली होती. नवरा म्हणून. आणि ती चिठ्ठी याच खिडकीत आली होती.

म्हणजे पालिकेच्या एका वहीत ती मेलेली होती, मी सही करून दिलेली. आणि पाच पावलांवरच्या टेबलावर मी आत्ता ती जिवंत आहे, गावाला आहे, असं लिहून दिलं होतं. दोन्ही कागदांवर मीच. कुणीतरी उठून पाच पावलं चाललं की संपलं.

मी उठलो. फॉर्म घेतला नाही, कार्डाची झेरॉक्स मागितली नाही. त्या बाईनं हाक मारली, ओ आजोबा, शिक्का राहिला. मी थांबलो नाही. पायऱ्या नीट दिसत नव्हत्या, भिंतीला हात लावत उतरलो. रिक्षावाला ओरडला, मरायचंय का. मला त्याचं काही वाटलं नाही.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी घरात बसून काढले. फोन वाजायचा. कोणाचा आहे ते दिसायचं नाही, पोरीची घंटा वेगळी लावलेली आहे, ही ती नव्हती. मी उचलायचो नाही. वाजून वाजून बंद पडायचा आणि मग मी श्वास सोडायचो. जेवण म्हणजे दुधात भाकरी. रेशनचा दिवस आला आणि गेला, मी गेलो नाही, आणि मग वाटलं, गेलो नाही म्हणून उलट संशय येईल. पत्र्याचा डबा मी पलंगाखाली सारला. झडती झाली तर पलंगाखाली पहिल्यांदा बघतात हे नंतर सुचलं, म्हणून बाहेर काढला आणि मोरीत ठेवला, वर बादली पालथी घातली. एवढ्या वयात.

तिच्यावर रागही यायचा. तुझ्या पिशव्या, तुझी कात्रणं, तुझे फुकटचे फळे. माझ्या डोळ्याचं वेळेत करून घेतलं असतंस तर. मग आठवायचं की तिनं सांगितलं होतं आणि मी ओरडलो होतो.

एका दुपारी दार वाजलं.

मी पलंगावर होतो. हललो नाही. परत वाजलं. बाईचा आवाज आला, आजोबा, आत आहात का? मी श्वास धरून बसलो. बाई म्हणाली, "चप्पल बाहेर आहे तुमची."

आता काय करणार. मी आतून विचारलं, कोण पाहिजे. ती म्हणाली, तुम्हीच. कशाला, मी विचारलं. डोळ्याचं आहे, ती म्हणाली, दहा वेळा फोन केला, उचलत नाही तुम्ही, उन्हात चालत आलेय, निदान पाणी तरी द्या. मी कडी काढली. तिच्या मागं कोणी आहे का ते बघायला बाहेर डोकं काढलं. कोणी दिसलं नाही, पण मला दिसलं नाही याला काही अर्थ नव्हता.

ती पालिकेच्या दवाखान्यातून घरोघर फिरणारी आशाताई होती. शिबिरात फॉर्म भरणारी तीच. खाली बसली, पाणी प्यायली, आणि पिशवीतून कागद काढला. म्हणाली, गुरुवारी तुमचा नंबर लागलाय, सकाळी गाडी येईल, बरोबर कोण येणार? मी रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. ती म्हणाली, फॉर्मवर लिहिलंय की आजी गावाला गेल्यात.

हो, मी म्हटलं.

तिनं कागद घडी घालून मांडीवर ठेवला. "आजोबा, तेराव्याला मी याच खोलीत जेवले. मला भात तुम्ही वाढलात."

मी भिंतीला टेकलो. ती म्हणाली, आजींच्या बीपीच्या गोळ्या दोन वर्षं मीच द्यायचे, दारात बसून मला चहा पाजायच्या, तुमच्या डोळ्याचं त्याच सांगायच्या, म्हणायच्या हे माणूस ऐकत नाही, भित्रं आहे. हे ऐकून मला राग यायला पाहिजे होता. रडू आलं. तेराव्यालाही मला तिचं तोंड दिसलं नव्हतं, शिबिरातही दिसलं नव्हतं. दोन वर्षं माझ्या दारात बसणारी बाई मी ओळखली नाही.

मग सगळं सांगून टाकलं. रेशनचं दुकान, गावाला गेलीय, बाळंतपण, अंगठा, चाळीतला माणूस आणि त्याची लुंगी. मोरीतली बादली उचलून डबा दाखवला. तिनं झाकण उघडलं, आत बघितलं आणि लगेच लावलं. हे खाऊ नका, एवढंच म्हणाली.

मी विचारलं, पोलीस येतील का. नाही येणार, म्हणाली, नाव कमी करायचा फॉर्म असतो, तहसीलला भरायचा, मृत्यूचा दाखला जोडायचा. उशीर झाला म्हणून कोणी धरून नेत नाही, बहुतेक. ते "बहुतेक" माझ्या छातीत जाऊन बसलं. मी म्हटलं, पण पालिकेत दोन कागद आहेत माझे, एकात ती मेलीय आणि एकात गावाला आहे, ते कुणी जुळवलं तर? तेव्हा ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, त्या खिडकीतल्या माणसाला शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते कधी कळत नाही. आणि तुम्ही जे लपवताय ते पालिकेला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आजोबा, लाकडं कुणी दिली?

फॉर्मवरची ती ओळ तिनं पेनानं खोडली. म्हणाली, मुलीला फोन लावा, माझ्यासमोर लावा.

पोरगी बुधवारी आली. सासूला नणंदेवर सोपवून आली. मला वाटलं होतं ती चिडेल. तिनं घर बघितलं, गॅसभोवतीचा पसारा बघितला, आणि पदर खोचला.

गुरुवारी पालिकेच्या गाडीत आम्ही सात म्हातारे होतो. एक म्हातारी सारखी विचारत होती, दुखतं का हो. तिला कोणी उत्तर दिलं नाही. आमच्यात दोन डोळे असलेले सहा जण होते आणि मी. त्यांचं बिघडलं तर एक डोळा राहणार होता. मी मनात म्हणत होतो, खोटं बोललास, त्याचं आता इथं फिटणार. दहा महिने मशीनला फसवलंस, आता तुझा डोळा मशीनखाली.

डोळ्यात थेंब टाकले, परत टाकले. कपाळावर उजव्या बाजूला चिकटपट्टी लावली. मी तीन वेळा सांगितलं, उजवा, डावा नाही, उजवा. डॉक्टर म्हणाला, आजोबा, डाव्याचं करून मला काय मिळणार आहे. तोंडावर भोकाचं फडकं टाकलं. मग नुसता उजेड, पाण्यातून बघितल्यासारखा, त्यात सावल्या हलत होत्या. सुई लागली तेवढंच दुखलं. पण माझे पाय थरथरायला लागले आणि थांबेनात. डॉक्टर म्हणाला, हलू नका. मी म्हटलं, मी हलत नाही, पाय हलतायत. तो म्हणाला, बाहेर कोण बसलंय तुमचं? मी म्हटलं, मुलगी. तिचा विचार करा मग, म्हणाला.

मी मुलीचा विचार करत होतो असं नाही. बाहेरच्या बाकड्यावर मी दुसरीलाच बसवली होती, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. पाय कधी थांबले कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आधी नर्सचा अंगठा दिसला. नखाजवळ कापलेलं होतं. मग पोरगी दिसली. तिचे केस कानांजवळ पांढरे झाले होते. मला कोणी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, थेंब वेळेवर टाकायचे. पोरगी पंधरा दिवस राहिली. ती बाजारात गेली होती तेव्हा मी मोरीतला डबा उघडला. मी दर महिन्याला त्यात हात घालत होतो, गहू घालत होतो, आणि मला वाटत होतं, सगळं नीट आहे. गव्हात जाळी धरली होती, किडे चालत होते, झाकणाच्या आतल्या कडेनं रांगेनं वर येत होते. खालच्या तांदळाचं पीठ झालं होतं. शेजाऱ्याच्या कोंबड्यांपुढं नेऊन ओतलं. त्यांनी किडे आधी टिपले.

पोरगी गेल्यावर मी पालिकेत गेलो, एकटा. त्या खिडकीवरची पाटी वाचली. जन्म-मृत्यू नोंदणी. एकेक अक्षर लावून वाचली, कारण सवय सुटली होती. आतल्या माणसानं मोठी वही उघडली, बोट फिरवत गेला आणि थांबला. मला वाटलं, आता विचारेल, इतके दिवस कुठं होतात. त्यानं विचारलं नाही. दाखला छापला, शिक्का मारला, आणि म्हणाला, पहिली प्रत मोफत आहे. ती असती तर तिथंच मला कोपरानं ढोसलं असतं, बघा, हेपण फुकट.

बाकड्यावर बसून मी तो दाखला वाचला. तिचं नाव, तिचं वय, आमचा पत्ता. सगळं बरोबर होतं. इतक्या दिवसांनी मी वाचलेला पहिला कागद तो.

मग रेशनचं दुकान. रांगेत उभा होतो आणि परत तेच पाय. पुढं पाच जणी, मग तीन, मग एक. पळून जाता आलं असतं, आता पायऱ्याही दिसत होत्या. दुकानदारानं माझ्या काळ्या चष्म्याकडं बघितलं. डोळ्याचं झालं वाटतं काका, बरं झालं, म्हणाला. आणि मग, काकू आल्या का गावाहून? अंगठ्याचं राहिलंय त्यांचं.

मी दाखला वजनकाट्यावर ठेवला.

"ती वारली," मी म्हटलं. "दहा महिने झाले. मी तुम्हाला खोटं सांगत होतो."

त्यानं दाखला उचलला, तारीख बघितली, मग माझ्याकडं बघितलं. तो आता काय म्हणेल, कोणाला फोन करेल, त्याचा हात कुठं जातो, ते मी बघत होतो. मला दिसत होतं, हेच जास्त भीतीचं होतं. त्याचा हात दाखल्याची घडी घालण्याकडं गेला. म्हणाला, काकू दर वेळी मला विचारायच्या, नवीन काही निघालंय का सरकारचं. दाखला परत माझ्या हातात दिला. मग म्हणाला, हे इथं नाही होत, तहसीलला फॉर्म भरा, ते काय म्हणतील ते म्हणतील, या महिन्यात तुमच्या एकट्याचं घेऊन जा.

मशीननं अंगठा दोनदा घेतला नाही. तिसऱ्यांदा घेतला.

तहसीलला फॉर्म दिला आहे. तिथल्या माणसानं घेतला, काही बोलला नाही, अजून काही आलेलं नाही. दार वाजलं की अजूनही मी आधी खिडकीतून बघतो.

त्या दिवशी दुकानातून निघालो तेव्हा एकाच हातात पिशवी होती. आधी दोन्ही हातांत असायच्या, रुळावरच्या पुलावर चढताना धरायला हात उरायचा नाही, बोटांनी चाचपत चढायचो. या वेळी दुसऱ्या हातानं कठडा धरला आणि एकेक पायरी बघून चढलो.